टवका उडाला तर...

मंडळी, गाडीचा रंग हा काय रेडिओवर बोलण्याचा विषय आहे, असे तुमच्यापैकी कोणाच्या तरी मनात आल्यावाचून राहणार नाही. रंग ही शोभेची बाब, आणि शोभा ही सवडीची बाब. मीही बरीच वर्षे असेच समजत होतो. ते समजणे मला कसे महागात पडले हे आधी सांगतो, म्हणजे पुढचे सांगणे सोपे जाईल.

एका एप्रिलमध्ये मी दहिवडीहून फलटणकडे येत होतो. पुढे खडीचा ट्रक चाललेला. एक खडा उडाला आणि बॉनेटवर टक् करून आपटला. घरी येऊन पाहिले तर मसुराच्या डाळीएवढा रंगाचा टवका गेलेला. मध्यभागी टाचणीच्या डोक्याएवढा पत्रा चकाकत होता. एवढ्याशा गोष्टीसाठी गॅरेजात कोण जाणार? दिवाळीच्या सुट्टीत बघू, असे म्हणून मी तो विषय सोडून दिला. मृग गेला, आर्द्रा गेल्या, गाडी अंगणात भिजत राहिली. दिवाळीच्या तोंडावर गाडी धुवायला घेतली आणि पाहतो तो त्या टवक्यातून तांबूस ओघळ आलेला, भोवतीचा रंग पुरी फुगावी तसा वर उचललेला. नखाने टोकरले तर रुपयाएवढा पोपडा हातात आला, आणि खाली सगळा गंज! मिस्त्रींना दाखवले. ते म्हणाले, "सर, उन्हाळ्यातच आला असतात तर काडीभर रंगात काम झालं असतं. आता पत्रा घासायचा, लांबी भरायची आणि सगळं बॉनेट रंगवायचं." दोष खड्याचा नव्हता आणि ट्रकवाल्याचाही नव्हता. आळस माझा होता.

तो काडीभर रंग घरच्या घरी कसा लावावा, आणि मुळात तो का लावावा, एवढेच आज सांगायचे आहे. आणि गाडी म्हणजे मोटारच असे नव्हे. गावात आता जीप आहे, ट्रॅक्टर आहे, डेअरीला दूध घालायला जाणारी मोटारसायकल आहे, मुलीची शाळेची सायकल आहे. लोखंड आणि त्यावर रंग, एवढे जेथे जेथे आहे तेथे हे सांगणे थोड्याफार फरकाने लागू पडते.

प्रथम रंग म्हणजे काय ते पाहू. आपल्या आजीच्या काळात पितळेच्या पातेल्यांना कल्हई करून घेत. ती भांडी चकचकीत दिसावीत एवढ्यासाठी नव्हे, तर पितळ आणि आंबट ताक यांची गाठ पडू नये म्हणून. कल्हई कोठे उडाली की घरची बाई ते पातेले लगेच बाजूला काढी, कारण त्यात ठेवलेले ताक कळकणार हे तिला ठाऊक असे. गाडीचा रंग ही गाडीची कल्हईच होय. पत्रा आणि पाणी यांची गाठ पडू न देणे हे त्याचे मुख्य काम; शोभा हा वरचा लाभ.

ही कल्हई किती जाड असते? गाडीचा पत्राच मुळी साधारण पाऊण मिलिमीटरचा. कारखान्यात तो धुऊन फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात, म्हणजे पुढचा रंग त्याला घट्ट धरतो. मग गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने पहिला थर चढवितात. विजेमुळे रंग सांदीकोपऱ्यांतही जाऊन बसतो. हा थर सुमारे २० मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यावर अस्तर, म्हणजे ज्याला रंगारी प्रायमर म्हणतात ते, ३० ते ३५ मायक्रॉन. त्यावर आपल्याला दिसतो तो रंग. तो फारच पातळ, बहुधा १५ ते २० मायक्रॉन. आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर, ४० मायक्रॉनच्या आसपास. ऊन, धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा यांचा मारा प्रथम हाच थर सोसतो. सगळे मिळून शंभर ते दीडशे मायक्रॉन झाले. डोक्याचे दोन केस एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होईल, साधारण तेवढी! ट्रॅक्टरला आणि सायकलीला तर एवढे थरही बहुधा नसतात. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांच्या पत्र्यावर, सगळ्यांच्या नव्हे, जस्ताचा मुलामाही असतो. आपल्या छपराच्या पत्र्यावर असतो तसा. जस्ताचा गुण असा की लोखंड उघडे पडले तरी आधी ते स्वतः झिजते आणि शेजारच्या लोखंडाला काही काळ वाचविते. पण ते भांडवल संपणारे आहे.

या रंगांचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. १९१४ पासून १९२५ पर्यंत फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' ही गाडी फक्त काळ्या रंगात मिळत असे. त्या काळी मोटारीवर तेलाच्या रोगणाचे थर द्यायचे, वाळवायचे, घासायचे आणि पुन्हा द्यायचे अशी रीत होती, आणि उंची गाड्यांच्या रंगकामात आठवडे निघून जात. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत नायट्रोसेल्युलोजचे झटपट वाळणारे रोगण बाजारात आले आणि आठवड्यांचे काम फार थोड्या वेळात होऊ लागले. त्याच जातीचे रोगण आज बायकांच्या नखांना लावायच्या पॉलिशमध्ये असते. त्यामुळे टवक्यावर नेलपॉलिश लावून मोकळे होणारे लोक अगदीच वेडे नव्हेत. पण त्याविषयी पुढे सांगेन.

आता टवका उडतो तेव्हा काय होते ते बघा. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू हे तिघे एकत्र आले की गंज होतो. तिघांपैकी एक जरी नसला तरी होत नाही. ॲल्युमिनियमलाही हवेत एक पापुद्रा येतो, पण तो इतका दाट आणि घट्ट असतो की आतल्या धातूचे रक्षण तोच करतो. लोखंडाचा गंज तसा नाही. तो भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि खाली नव्या लोखंडाला वाट करून देतो. शिवाय गंज ज्या लोखंडापासून होतो त्याहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून तो भोवतीचा चांगला रंग खालून उचलतो, त्याचा फोड होतो, फोडाखाली ओल शिरते, आणि पुन्हा तेच. मीठ असेल तर हे सगळे अधिक वेगाने चालते. कोकणात आणि गोव्यात समुद्राकाठच्या गाड्या लवकर सडतात त्याचे कारण खारी हवा. देशावरच्या शेतकऱ्याला खाऱ्या हवेची भीती नाही, पण पोटॅश आणि अमोनियाची खते हीसुद्धा क्षारच आहेत. खताची पोती वाहिल्यावर ट्रॉली धुऊन न ठेवणे म्हणजे तिला समुद्राकाठी नेऊन ठेवण्यासारखेच आहे. दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते, असे आपण म्हणतो. गंजाचे निराळेच. तो मुंगीच्या पावलाने येतो, आणि आपण होऊन जात मात्र कधीच नाही.

येथे एखादा हुशार विद्यार्थी विचारील की, गुरुजी, दिल्लीत मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उभा आहे, तो कसा गंजून गेला नाही? प्रश्न चांगला आहे. त्या जुन्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण बरेच आहे, आणि त्यामुळे त्यावर एक घट्ट रक्षक पापुद्रा तयार झाला आहे, असे संशोधकांना आढळले. गाडीच्या पत्र्यात ती सोय नाही. त्याला आपणच पापुद्रा पुरवावा लागतो.

शिक्षकमित्रांनी वर्गात एक प्रयोग जरूर करून दाखवावा. चार सारखे खिळे घ्या. दोन तसेच ठेवा. दोन तेलरंगात बुडवून, टांगून, नीट वाळवा. रंगविलेल्या दोहोंपैकी एकावर सुईने एक बारीक रेघ ओढा, इतकी की लोखंड दिसावे. आता न रंगविलेला एक खिळा कोरड्या बाटलीत थोड्या चुन्याच्या कळीबरोबर झाकून ठेवा. चुन्याची कळी हवेतली ओल ओढून घेते. उरलेले तीन मिठाच्या पाण्याने भिजविलेल्या कापसावर ठेवा आणि कापूस रोज ओला करा. आठवड्याभरात उघडा खिळा तांबडा होईल, कोरड्या बाटलीतला तसाच राहील, आणि रंगविलेल्या खिळ्यांत ज्याला रेघ आहे त्याच्या रेघेतूनच गंज डोके वर काढील. आणखी काही दिवसांनी त्या रेघेच्या कडेचा रंग नखाने उचलून मुलांना दाखवा. रंगाखाली गंज कसा पसरतो हे फळ्यावर चित्र काढून सांगण्यापेक्षा असे दाखविलेले मुलांच्या ध्यानात राहते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आधी टवका किती खोल आहे ते ओळखावे. बोट पाण्यात बुडवून त्यावर फिरवा. ओला असताना ओरखडा दिसेनासा झाला, तर फक्त वरच्या पारदर्शक थराला लागले आहे. तेथे रंगाची गरज नाही. मऊ फडक्यावर थोडे रबिंग कंपाउंड घेऊन हलक्या हाताने चोळले की पुरते. ओले करूनही राखाडी किंवा पांढरट ठिपका दिसत राहिला, तर रंग जाऊन अस्तर उघडे पडले आहे. त्याला रंग द्यावा, पण घाई नाही. आणि ठिपक्यात धातू चकाकत असेल किंवा तांबूस दिसत असेल, तर काम पत्र्यापर्यंत गेले आहे. ते पावसाच्या आधी झालेच पाहिजे. एक खूण आणखी. मऊ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक जवळ धरून पाहा. हल्लीच्या मोटारींचे बंपर बहुधा प्लास्टिकचे असतात, तेथे चुंबक धरणार नाही आणि गंजही चढणार नाही. तेथला टवका हा खरोखरच शोभेचा आणि सवडीचा प्रश्न आहे.

काम कधी करावे? आपल्याकडे उत्तम काळ दिवाळीनंतरचा हिवाळा, आणि मृगाच्या आधीचा उन्हाळा, तोही सकाळचा. गाडी सावलीत असावी आणि पत्र्याला हात लावला तर तो गार लागावा. तापलेल्या पत्र्यावर रंग वरून लवकर सुकतो आणि आतून ओला राहतो. पावसाळी हवेत दुसरीच अडचण येते. माठातले पाणी झिरपून उडून जाते म्हणून माठ गार होतो, हे आपण जाणतो. तसेच रंगातले थिनर उडून जाताना रंगाचा पृष्ठभाग गार होतो. दमट हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. म्हणून भर पावसाळ्यात टवका उडाला तर तो पुसून, पूर्ण कोरडा करून त्यावर व्हॅसलीनचे बोट लावावे किंवा बिनरंगी नेलपॉलिशचा एक थेंब सोडावा, आणि पावसाने उघडीप दिली की नीट काम करावे. नेलपॉलिशचा उपयोग एवढाच. ती तात्पुरती पट्टी आहे. कायमचा इलाज नव्हे.

साहित्य थोडे लागते. पहिली गोष्ट योग्य रंगाची. पांढरा म्हणजे पांढरा असे गाडीच्या बाबतीत नसते. एकाच कंपनीचे दोन-तीन पांढरे असतात. प्रत्येक रंगाला कंपनीचा एक अंक किंवा अक्षरे ठरलेली असतात. बऱ्याच गाड्यांत ती चालकाच्या दाराच्या चौकटीवरील किंवा बॉनेटखालील चिठ्ठीवर छापलेली असतात. न सापडल्यास आर. सी. बुकातला चेसिस नंबर घेऊन त्या कंपनीच्या दुकानी जावे. ते सांगू शकतात. टच-अपची छोटी बाटली तेथेच मिळते. तिच्या झाकणाला ब्रश असतो. त्याखेरीज लोखंडाचा प्रायमर, पारदर्शक रोगणाची छोटी बाटली, ६०० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, थोडे रबिंग कंपाउंड, स्वच्छ सुती फडके आणि काही टूथपिक, एवढे पुरते. ट्रॅक्टरला त्याच्या रंगाचा डबा हार्डवेअरच्या दुकानात बहुधा मिळतो, आणि त्यावर वेगळे पारदर्शक रोगण बहुधा लागत नाही.

आता कृती क्रमाने सांगतो.

प्रथम जागा साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. मग अल्कोहोलने भिजविलेल्या फडक्याने पुसा. येथे एक सवय मोडावी लागेल. आपले कित्येक ड्रायव्हर गाडीला चकाकी यावी म्हणून डिझेलचा किंवा रॉकेलचा बोळा फिरवितात. त्याचा तेलकट पापुद्रा राहतो, आणि तेलावर रंग धरत नाही. तेलकट पाटीवर खडू उठत नाही, तसेच ते. पावसाळ्यात व्हॅसलीन लावले असेल तर तेही असेच नीट काढून टाकावे.

दुसरे, सुटलेला रंग आणि गंज काढावा. टूथपिकच्या टोकाने कडेचे उचललेले कपचे काढा. जे आपण होऊन निघेल ते सगळे निघू द्या. मग ६०० नंबरच्या वॉटर पेपरची वाटाण्याएवढी गोल चकती कापून शिसपेन्सिलीच्या सपाट टोकाला चिकटवा, आणि पेन्सिल बोटांत धरून टवक्याच्या आतच फिरवा. भोवतीच्या चांगल्या रंगाला पेपर लागता कामा नये. पत्रा स्वच्छ चकाकेपर्यंत हे करावे. गंजाचा कण राहिला आणि त्यावर रंग दिला तर आपण चोराला घरात ठेवून बाहेरून कडी लावली असे होते. बारीक खळग्यांतला गंज निघत नसेल तर गंज पालटणारे औषध बाजारात मिळते. त्यात फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असते, आणि ते गंजाचे न बदलणाऱ्या काळसर संयुगात रूपांतर करते. टॅनिनचा हा गुण आपल्या वाडवडिलांना ठाऊक होता. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई होत असे ती याच जातीच्या क्रियेने. मात्र घरी हिरडा उगाळून गाडीला लावू नका. बाजारातले औषध मोजून केलेले असते, आणि त्यावरच्या सूचना पाळूनच ते वापरावे.

तिसरे, अस्तर. पुन्हा एकदा अल्कोहोलने पुसून, सुकल्यावर, टूथपिकच्या टोकावर प्रायमरचा अगदी लहान थेंब घेऊन उघड्या पत्र्यावर सोडा आणि पसरू द्या. अस्तर पत्रा झाकण्यापुरतेच असावे. खड्डा भरण्यासाठी नव्हे. डब्यावर लिहिलेला वेळ जाईपर्यंत हात लावू नका. रंग हाताला कोरडा लागला म्हणजे वाळला, असे नसते.

चौथे, रंग. बाटली चांगली दोन-तीन मिनिटे हलवा, कारण रंगाची पूड तळाशी बसते. आधी पत्र्याच्या एखाद्या तुकड्यावर थेंब लावून, वाळवून, गाडीशेजारी धरून पाहा; ओला रंग आणि वाळलेला रंग सारखे दिसत नाहीत. मग टूथपिकने किंवा अगदी बारीक ब्रशने पातळ थर द्या, टवक्याच्या मध्यापासून कडेकडे. बाटलीचा ब्रश बहुधा जाड असतो. त्याने ठिपक्याऐवजी डाग पडतो. एक थर वाळू द्या, मग दुसरा, लागल्यास तिसरा. प्रत्येक थर वाळताना आकसतो, म्हणून एकदम जाड थेंब सोडून खड्डा भरण्याचा मोह आवरावा. जाड थेंब वरून साय धरतो, आत ओला राहतो, आणि पुढे त्याला चिरा पडतात. रंग भोवतीच्या पातळीच्या किंचित खाली राहिला की थांबावे.

पाचवे, पारदर्शक रोगण. रंग पुरता वाळल्यावर, शक्य तर दुसऱ्या दिवशी, त्याचे एक-दोन थेंब द्यावेत, आणि ते भोवतीच्या पातळीच्या किंचित वर राहावेत. मग आठवडाभर गाडी वापरा, पण तेथे घासू नका. आठवड्याने २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून, लहानशा रबराला गुंडाळून, तो उंचवटा हलकेच सपाट करा. येथेच पुष्कळांची चूक होते. वरचा पारदर्शक थर ४० मायक्रॉनचा आहे हे मघाशी सांगितलेच. जोर लावलात तर भोवतीचा चांगला थर घासून जाईल आणि मूळ टवक्याहून मोठे दुखणे होईल. धीर नसेल तर उंचवटा तसाच ठेवावा. तो दिसेल, पण गंजणार नाही. सपाट केल्यावर ती जागा धुरकट दिसते. त्याने घाबरू नका. रबिंग कंपाउंडने चोळले की चकाकी परत येते.

पाहा, या सगळ्यात प्रत्यक्ष रंग देण्याला दहा-पंधरा मिनिटेही लागत नाहीत. बाकीचे काम स्वच्छ करण्याचे आणि वाट पाहण्याचे आहे. जो स्वच्छ करतो आणि वाट पाहतो त्याचे काम टिकते. जो हौसेने रंगच देतो त्याचे पुढच्या पावसाळ्यात निघते.

आता जपण्याच्या गोष्टी. थिनर, अल्कोहोल आणि रंग हे सगळे भडकणारे पदार्थ आहेत. काम मोकळ्या हवेत करावे. चूल, बिडी, काडी जवळ नसावी, आणि बाटल्या मुलांच्या हाती लागू नयेत. हात थिनरने धुऊ नयेत, साबणाने धुवावेत. कडक होण्यासाठी दोन भाग मिसळून फवारण्याची जी रोगणे असतात, त्यांत बहुधा आयसोसायनेट नावाचे पदार्थ असतात. त्यांच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि तोंडाला रुमाल बांधून तो अडत नाही. ती घरी फवारू नयेत. आणि जुना रंग घासताना विशेष जपावे. जुने रंगारी लोखंडाला पहिला हात शेंदराचा देत. तो शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग. गंज रोखण्यात उत्तम, पण विषारी. आज रेड ऑक्साइडचे जे तांबडे अस्तर मिळते ते लोखंडाच्या ऑक्साइडचे असते, शिशाचे नव्हे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, असा नियम आपल्या देशात २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण तो नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे, आणि जुना ट्रॅक्टर, जुनी खिडकी, शाळेचे जुने फाटक यांवरचा रंग तर त्याच्याही आधीचा. असा रंग कधीही कोरडा घासू नये. पाणी लावून घासावा, रबडी कागदावर गोळा करून टाकावी, आणि लहान मुलांना व गरोदर बाईला त्या जागेपासून दूर ठेवावे. शाळेचे फाटक मुलांच्या श्रमदानातून घासून घेण्याची हौस शिक्षकांनी या बाबतीत आवरावी, अशी माझी विनंती आहे.

घरी काय करू नये तेही सांगतो. रंगाचा मोठा फोड, दाराच्या खालच्या कडेने आलेला गंज, टोचले तर आत जाणारा पत्रा, आणि चेसिसला किंवा पायाखालच्या पत्र्याला लागलेला गंज, ही रंगाची कामे नव्हेत. ती मिस्त्रीची आहेत. प्रवासी नेणाऱ्या जीपच्या बाबतीत तर हा माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. सडलेल्या पत्र्यावर लांबी भरून वरून रंग मारला की गाडी दिसते नवी, पण तिच्या अंगात बळ नसते. जुनी गाडी घेताना चुंबक फिरवून पाहावे ते यासाठीच. जाड लांबीवर ते धरत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे हिरमोड होणार नाही. तुमचा ठिपका हुबेहूब जमणार नाही. गाडीचा रंग वर्षानुवर्षे उन्हात विटलेला असतो, आणि बाटलीतला ताजा असतो. चंदेरी आणि चमकीच्या रंगांत तर ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. फवाऱ्याने ते एका ढंगात बसतात आणि ब्रशने दुसऱ्या, त्यामुळे प्रकाश वेगळा परततो. शेजारी उभे राहून पाहणाऱ्याला ठिपका दिसेल. चार पावलांवरून दिसणार नाही. आणि पाण्याला तर रंगाची पारख मुळीच नाही. त्याला वाट बंद मिळाली की ते ओघळून जाते.

माझ्या गाडीच्या दारावर त्यानंतर असाच एक टवका उडाला. या वेळी मी दुसऱ्याच रविवारी, सकाळी, चिंचेखाली गाडी लावून वर सांगितले तसे काम केले. ठिपका थोडा गडद झाला आहे, आणि घरची मंडळी त्याला अजून गाडीचा तीळ म्हणतात. त्यावरून दोन पावसाळे गेले. तांबूस ओघळ आलेला नाही.

तेव्हा, मृग लागण्यापूर्वी जसे आपण छपराची कौले चाळतो, तशी एका सकाळी आपली गाडी धुऊन तिच्याभोवती सावकाश एक फेरी मारा. बॉनेट, दारांच्या कडा, चाकांवरच्या कमानी, ट्रॉलीचे सांधे नीट पाहा. जेथे पत्रा चकाकताना दिसेल तेथे खडूने गोल खूण करा, आणि पाऊस येण्यापूर्वी त्या सगळ्या खुणा पुसल्या जातील असे बघा.